कुळी कोणी विचारावी?

धर्म राजकारणात शिरला की नासतो, असे आपण पारावर नेहमी ऐकतो. जगातली भांडणे पाहिली की ते पटतेही. पण वाचक माउली, आपल्या मराठी यहुदी बांधवांचे काय झाले ते ऐका. मग हा निवाडा इतका सोपा राहत नाही.

भायखळ्यास डेव्हिड ससून यांनी बांधविलेले निळे ‘मागेन डेव्हिड’ प्रार्थनामंदिर आहे. ते बगदादी यहुद्यांचे. जेकब सर्कल, नागपाडा या बाजूस कोकणातून आलेले बेने इस्रायल राहत. गावी ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. बोली मराठी, आडनाव गावावरून. आणि नवल असे की, गेल्याच्या आधीच्या शतकात त्यांनी आपल्या धर्मकथांची मराठीत कीर्तने सुरू केली! शनिवारचा बंद घाणा हाच त्यांचा धर्माचा दाखला. शेजारी दुसरा मागत नसत. बगदादी मंडळी मात्र त्यांच्याशी सोयरीक करताना तेव्हाही कां कू करीत, हे लपवून चालणार नाही.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले आणि पुढे हजारो मराठी कुटुंबे तिकडे गेली. यहुद्यांची लग्ने तिथे धर्मपीठाच्या हाती. १९६२ साली पीठाने फर्मान काढले की, बेने इस्रायलांचे लग्न लावण्याआधी आईची, आजीची कुळी तपासावी. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळलेल्यांच्या लेकीबाळींना हा प्रश्न! मंडळी जेरुसलेमात धरणे धरून बसली. १९६४ च्या ऑगस्टात संसदेने ठराव केला की, बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदीच आहेत. मग पीठाने फर्मानातून त्यांचे नाव काढले.

आता नासविले कोणी? संशय धर्मगुरूंचा खरा, पण लग्नाची किल्ली त्यांच्या हाती राज्यानेच दिली होती. ती नसती तर तो संशय पोथीत पडून राहिला असता. आणि दार ढकलून उघडले तेही राजसभेनेच.

आपण हसू नये बरे का. चोखोबांचे अभंग आपण शतकानुशतके गात होतो, आणि त्यांची जातभाई मंडळी महाद्वाराबाहेरच उभी होती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरास उपोषणास बसले, मंदिरप्रवेशाचा कायदाही मुंबई सरकारने त्याच साली केला. बडव्यांनी आपणहून दार उघडले नाही, आणि आपण टाळकऱ्यांनीही फारसा आग्रह धरला नव्हता.

भायखळ्याच्या त्या निळ्या मंदिराशेजारी ससूनांनी यहुदी मुलांसाठी काढलेली शाळा आहे. यहुदी मुले गेली. आज तिथे बहुतेक मुले मुसलमान घरांतली शिकतात.