निकामी आणि अपराधी

जो भाग निकामी झाला तोच अपराधी, असें आपण किती सहज धरून चालतों! गेल्या हिवाळ्यांत आम्ही कन्येकडे अमेरिकेंत राहिलों असतां या समजुतीस धक्का बसला; आणि तोहि एखाद्या न्यायशास्त्राच्या ग्रंथानें नव्हे, तर कपडे वाळविण्याच्या यंत्रानें.

बर्फाच्या दिवसांत तिकडे ओलीं वस्त्रें बाहेर घालण्याची सोय नाहीं. म्हणून घरोघर हें यंत्र. एका सकाळीं तें मुळींच फिरेना. जांवईबापूंनीं वीज तोडली, मागचा पत्रा काढला आणि मल्टिमीटरच्या दोन सुया एकेका भागास लावून पाहिल्या. तापणारी तार शाबूत, मोटर शाबूत. उष्णतेचा फ्यूज मात्र तुटलेला. नवा बसवितांच यंत्र फिरूं लागलें. आठव्या दिवशीं तोहि गेला! 'भिकार माल' म्हणून आम्हीं कारखानदाराला दूषण दिलें, हें येथें कबूल केलेलें बरें.

वस्तुतः त्या इवल्या तुकड्याचें कामच मुळीं मरण्याचें. उष्णता मर्यादेबाहेर गेली कीं त्यानें स्वतः तुटून वीज थांबवावयाची. एकदां तुटला कीं तो पुन्हां जुळत नाहीं. खरा रोग भिंतींतल्या नळींत होता. ओली गरम हवा जिच्यांतून बाहेर जावयाची, ती नळी कपड्यांच्या लवेनें बुजत आली होती. ती लव कोणा एका कपड्याची नव्हे. रोजच्या प्रत्येक सदऱ्याची, प्रत्येक टॉवेलाची थोडीथोडी. अमेरिकेच्या अग्निशमन-खात्यानें २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हां राहत्या इमारतींत अशा यंत्रांपासून वर्षाला सुमारें २,९०० आगी लागत असल्याचें दिसलें. साफसफाईची हयगय हें त्यांचें सर्वांत पुढचें कारण. फ्यूज वगळून तारा थेट जोडण्याची युक्तीहि कांहीं लोक करितात. साक्षीदाराचें तोंड बांधून खटला मिटवावा, तसेंच हें!

आम्हांस आठवलें तें निराळेंच प्रकरण. कांहीं वर्षांपूर्वीं एका संस्थेंत हिशेबाची मोठी चूक झाली. चौकशी-समितींत आम्हीहि होतों. कारकून दोषी ठरला, त्याची नोकरी गेली. त्याच्या जागीं आलेला दुसरा वर्षाच्या आंत तसाच चुकला. कोणी म्हणेल, फ्यूजला इच्छा नाहीं, मनुष्यास आहे. तेव्हां तुलना लंगडी. खरें आहे. फ्यूजला आधीं बोलून दाखवितां येत नाहीं, मनुष्यास येतें. तिघांचें काम एकट्यावर पडतें, असे दोन अर्ज त्या कारकुनानें केले होते. ते दप्तरांत होते, आणि आम्हीं ते वाचले होते.