धर्मत्याग, निवेदन आणि क्षमेचा प्रश्न

मराठी आत्मचरित्रात धर्मांतराचे कथन नवे नाही. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' आहे, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत, आणि वेगळ्या वाटेने बुद्धाकडे गेलेल्या धर्मानंद कोसंबींचे 'निवेदन' आहे. ही कथने परस्परांहून कितीही भिन्न असली तरी त्यांची दिशा एकच आहे : त्यांत पोहोचण्याला अर्थ असतो, निघण्याला स्वतंत्र अर्थ नसतो. 'अरुणोदय' या शीर्षकातच आधीच्या आयुष्याला रात्र ठरविलेले आहे. अपवाद म्हणावा असा लक्ष्मीबाईंचा. जातिभेदाची भावना त्यांच्या मनातून बाप्तिस्म्यापूर्वीच गळून पडते, आणि ते गळून पडणे हीच एक पूर्ण घटना म्हणून त्या सांगतात. सोडणे आणि स्वीकारणे यांच्यामध्ये तेथे काही काळ जातो. प्रस्तुत लेखकाला त्या मधल्या काळाविषयी लिहावयाचे आहे. तो काळ संपलाच नाही, आणि पलीकडे कोणता नवा धर्मही लाभला नाही, तर निवेदनाचे काय होते, हा येथील प्रश्न आहे.

निघण्याच्या कथेला पोहोचण्याची कथा करून टाकण्याची ओढ किती जुनी आहे, याचा एक विलक्षण दाखला कॅथलिक परंपरेतच आहे. बार्लाम आणि योसाफात ही मध्ययुगीन युरोपातील अतिशय लोकप्रिय संतकथा. राजपुत्र महालात कोंडलेला, त्याला रोग, जरा आणि मृत्यू दिसतात, तो राज्य सोडतो. ही कथा बुद्धाची आहे हे आता सर्वमान्य आहे. 'बोधिसत्त्व' हा शब्द अरबी, जॉर्जियन, ग्रीक असा प्रवास करीत लॅटिनमध्ये 'योसाफात' झाला. रोमन संतसूचीत २७ नोव्हेंबर हा त्याचा स्मृतिदिन नोंदला गेला. अर्थात राजपुत्र येथे घर सोडून ख्रिस्ताकडे पोहोचतो. दिओगु दु कोउतु या पोर्तुगीज इतिहासकाराने साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांविषयी लिहिताना योसाफाताची आठवण काढली आहे. खाडीच्या अलीकडे, वसईत, कॅथलिक घरात वाढलेल्या मला हा उल्लेख चाळिशीत वाचावयास मिळाला. ज्याच्याकडे आपण घर सोडून आलो असे वाटत होते, तो घरातल्याच संतांच्या रांगेत दुसऱ्या नावाने उभा होता, हे समजल्यावर मला हसू आले, आणि नंतर थोडी भीतीही वाटली. माझ्याही निघण्याची उद्या कोणी अशीच सोयीची कथा करील.

ही भीती केवळ वाङ्मयीन नाही. मी नंदुरबार जिल्ह्यात अध्यापन करतो. नवापूर तालुक्याला लागून असलेल्या डांगमध्ये डिसेंबर १९९८ मध्ये ख्रिस्ती प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले. माझ्या वर्गात नवापूरकडची ख्रिस्ती आदिवासी मुले असतात. अल्पसंख्य धर्मातून बाहेर पडलेल्या माणसाचे नास्तिक्य आपल्याकडे नास्तिक्य म्हणून वाचले जात नाही. कोणीतरी त्याला 'परत आला' असे म्हणून मोकळा होतो. मी कोठेही परत आलेलो नाही. एवढे सांगून हा विषय येथे सोडतो.

ईश्वराच्या अस्तित्वाविषयीचे युक्तिवाद माझ्या बाबतीत फार निर्णायक ठरले नाहीत. ते वाचले, पटले, आणि जीवनात काही बदलले नाही. बदल झाला तो एका वेगळ्याच ठिकाणी, आणि तो सांगण्यासाठी एक लाजिरवाणी गोष्ट सांगणे भाग आहे. शाळेच्या वसतिगृहात असताना मी परीक्षा शुल्काच्या पेटीतून पैसे चोरले. संशय माझ्या खोलीतल्या दुसऱ्या मुलावर आला आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. त्या वर्षी त्याची परीक्षा हुकली. पुढे तो शिकला नाही. मी गुड फ्रायडेच्या आधी कन्फेशनला गेलो आणि चोरी सांगितली. त्या मुलाचे मात्र सांगितले नाही. फादरांनी पैसे परत ठेवण्यास सांगितले, प्रार्थना नेमून दिल्या आणि पापमुक्तीचे शब्द उच्चारले. मी पैसे परत ठेवले. बाहेर आलो तेव्हा अंगावरून भार उतरल्यासारखे वाटले, आणि तो भार वीस वर्षे उतरलेलाच राहिला.

येथे चर्चवर दोष ठेवणे अन्यायाचे होईल. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंताला वर्षातून एकदा तरी पापनिवेदन बंधनकारक केले. पश्चात्ताप, निवेदन, परिमार्जन आणि पापमुक्ती ही त्या संस्काराची अंगे आहेत. परिमार्जनात नुकसान भरून देणे येते, आणि अपुऱ्या सांगण्याने मिळालेली पापमुक्ती खरी नव्हे, हेही त्याच परंपरेने सांगितले आहे. चूक माझी होती. पण मला मिळालेली शांती खरी होती, आणि प्रश्न तेथेच निर्माण होतो. श्रद्धा गेली तेव्हा नरकाचे भय गेले, प्रार्थनेची सवय गेली, आणि एके दिवशी ध्यानात आले की त्याबरोबर आजवरच्या साऱ्या क्षमाही परत गेल्या आहेत. क्षमा करणारा नसेल तर त्याने दिलेली क्षमाही नसते. जुनी सारी खाती एकाएकी उघडी झाली. नास्तिक्य म्हणजे जबाबदारीतून सुटका, असा जो समज व्यासपीठावरून वारंवार सांगितला जातो, त्याच्या नेमका उलट हा अनुभव होता.

बौद्ध विचार माझ्याकडे आला तो या उघड्या खात्यांच्या काळात, आणि मराठी वाचकाकडे तो बहुधा येतो त्याच वाटेने, म्हणजे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचून. बुद्ध हा मोक्षदाता नसून मार्गदाता आहे, हा त्या ग्रंथातील भेद मला प्रथम कोरडा वाटला होता; आता त्याची धार जाणवली. तरी मी दीक्षा घेतलेली नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात उभ्या राहिलेल्यांच्या रांगेत स्वतःला नेऊन बसविणे मला अप्रामाणिक वाटते. ज्यांचे शतकानुशतके देणे लागत होते, ते तेथे हिशोब नाकारून बाहेर पडत होते. मी देणेकऱ्यांपैकी होतो. दोघांचेही पाऊल बाहेरच पडले, एवढ्यावरून ते एकसारखे होत नाही.

विनयपिटकात भिक्षूंसाठी आपत्तिदेशनेची प्रथा आहे. पंधरवड्याच्या उपोसथाला पातिमोक्खाचे नियम म्हटले जातात. थेरवादी परंपरेत ते २२७ आहेत. त्यापूर्वी भिक्षू आपला अपराध दुसऱ्या भिक्षूजवळ सांगतो. ऐकणारा विचारतो, तुला हा अपराध दिसतो का. सांगणारा म्हणतो, दिसतो. ऐकणारा पुढे संयम राखण्यास सांगतो. व्यवहार संपला. कॅथलिक संस्काराशी याचे बाह्य साम्य डोळ्यांत भरते. म्हणून दोहोंतील उणीव अधिकच ठळक होते. येथे क्षमेचे वाक्यच नाही. ऐकणाऱ्याकडे मिटविण्याचा अधिकार नाही. तो केवळ साक्षी आहे. चार पाराजिक अपराध तर सांगून निभावतच नाहीत. त्यांनी भिक्षुत्वच संपते. पहिल्या वाचनात मला हे निर्दय वाटले. मग 'दिसतो का' या प्रश्नापाशी मी अडखळलो. मी कन्फेशनमध्ये चोरी सांगितली होती. मला ती दिसली होती असे म्हणता येणार नाही. दिसली असती तर त्या चित्रात तो मुलगाही दिसला असता.

दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताबरोबर क्रूसावर चढविलेला एक गुन्हेगार आपला दोष कबूल करतो आणि त्याला त्याच दिवशी स्वर्गाचे आश्वासन मिळते. मज्झिमनिकायातील अंगुलिमालाने अनेकांचे प्राण घेतलेले. तो भिक्षू होतो, अर्हतपदाला पोहोचतो, आणि तरीही श्रावस्तीत भिक्षेला गेला असता त्याच्या अंगावर ढेकळे, काठ्या, खापऱ्या येऊन लागतात. रक्ताने माखून, फुटलेले पात्र घेऊन तो परततो. बुद्ध त्याला सोसण्यास सांगतात : दीर्घकाळ भोगावे लागले असते ते तू येथेच भोगतो आहेस. मुक्तीदेखील त्याचे केलेले न-केलेले करीत नाही. वसईच्या चर्चमधील प्रवचनांत पहिली कथा मी कितीदा ऐकली आणि कितीदा माझे डोळे भरून आले. आजही ती मला दोहोंतली अधिक सुंदर कथा वाटते. परंतु त्या गुन्हेगाराने ज्यांचे काही बिघडविले, त्यांना त्या कथेत जागाच नाही. अंगुलिमालाच्या कथेत मेलेल्यांना वाणी नाही हे खरे. निदान दगड तरी आहे.

या ठिकाणी अँथनी डी मेलो यांचा विचार टाळता येणार नाही. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले आणि १९८७ मध्ये न्यूयॉर्कला निधन पावलेले हे येशूसंघीय धर्मगुरू. पुण्यात आणि नंतर लोणावळ्यात त्यांची 'साधना' संस्था होती. त्यांच्या छोट्या कथांवर बौद्ध आणि ताओ विचारांची छाया स्पष्ट आहे. चर्च त्यांनी सोडले नाही; चर्चने मात्र मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, २४ जून १९९८ च्या अधिसूचनेत, त्यांची काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत ठरविली. त्यातील एक आक्षेप असा की दुष्कृत्य म्हणजे केवळ अज्ञान असे मानल्यास नीतीचे वस्तुनिष्ठ नियम उरत नाहीत. नास्तिक माणसाने रोमच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाशी सहमत व्हावे हा प्रसंग विरळा, पण येथे मला अर्धी सहमती द्यावी लागते. डी मेलोंच्या नंतरच्या लेखनात जागे होणे इतके सुखद आहे की जागे झाल्यावर कोणाकडे जावयाचे आहे हे विसरते. वसतिगृहात मी अज्ञानी नव्हतो. पेटीत किती पैसे आहेत हे मला ठाऊक होते. उरलेल्या अर्ध्या भागात मात्र मंडळ चुकते. हा आक्षेप सांत्वनपर बौद्ध विचारावर लागू पडतो, विनयावर नाही. विनयात दिसणे आणि नियम यांची फारकतच नाही.

एवढा विचार करूनही मूळ त्रुटी माझ्या ध्यानात आलेली नव्हती. ती आणून दिली धडगावकडच्या एका पावरा विद्यार्थ्याने. पदव्युत्तर वर्गात आत्मनिवेदनाचे प्रकार शिकविताना मी कन्फेशन आणि देशना यांचा हा भेद मोठ्या उत्साहाने फळ्यावर मांडला होता. तो म्हणाला, "सर, ज्याचा बैल चोरला, तो या दोन्हीत कुठे बसलाय?" त्याच्या गावी तंटा पंचांपुढे तोडतात, तेथे चोरणारा आणि ज्याचे गेले तो, दोघेही समोरासमोर बसतात, दंड ठरतो आणि तो त्याच्या हातात पडतो. पंचांच्या या न्यायाविषयी मला भाबडे होता येत नाही. याच डोंगरात बायकांना डाकीण ठरविणारेही समोरासमोर बसूनच ठरवितात. तरीही प्रश्न बिनतोड होता. फादर असो, भिक्षू असो, वा या लेखाचा वाचक असो, मी आजवर प्रत्येक वेळी तिसऱ्याच माणसाजवळ बोलत आलो होतो. ऑगस्टीनपासून चालत आलेल्या आत्मनिवेदनाच्या साऱ्या वैभवात ही एक सोय दडलेली आहे. ज्याच्यापुढे सांगावयाचे तो कधीच तो नसतो.

त्या दिवाळीच्या सुटीत मी वसईला गेलो. आईने नेहमीप्रमाणे रविवारच्या मिस्साला चल म्हटले. मी तिच्याबरोबर गेलो, कम्युनियनच्या वेळी जागेवरच बसून राहिलो, आणि तिने नेहमीप्रमाणे काही विचारले नाही. दुपारी त्या मित्राचा पत्ता काढून विरारला त्याच्या दुकानात गेलो. पाइप, नळ, वॉशर असे सामान. त्याने मला लगेच ओळखले. मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "मला वाटलंच होतं तेव्हा, तूच म्हणून." मग थोडा थांबून, "पण हे आज का सांगतोयस?"

मजजवळ दोन-तीन उत्तरे होती, आणि ती सारी माझ्याविषयीची होती. मी काही बोललो नाही. तेवढ्यात अर्ध्या इंचाचा नळ मागत एक गिऱ्हाईक आले आणि तो उठला.