दारात येणारी व्यवस्था

एकटेपणाची चर्चा आता आपल्याकडेही रुजली आहे. ब्रिटनने 2018 साली आणि जपानने 2021 साली या प्रश्नासाठी मंत्री नेमले. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर आयोग बसवला. त्याआधी 2010 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी 148 अभ्यास एकत्र तपासले होते. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांच्या नोंदी होत्या, आणि ज्यांचे लागेबांधे घट्ट त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे 50 टक्क्यांनी जास्त निघाली. हे सगळे मोलाचे आहे, पण या चर्चेने एक घोटाळाही केला आहे. माणसामाणसांतला संबंध तिने खासगी सुखदुःखाच्या खात्यात टाकला. मग उपायही तसेच सुचतात : मित्राला फोन करा, शेजाऱ्याची विचारपूस करा, मोबाईल बाजूला ठेवा. विदर्भात गेल्या तीसेक वर्षांत झालेले काम पाहिले तर प्रश्न निराळा दिसतो. माणसाने माणसापर्यंत चालत जाणे हा सार्वजनिक सेवेचा कणा आहे. तो काढून घेतला की औषध असते, पैसा असतो, योजनाही असते, आणि तरी यांतले काहीही ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही.

उपचारांची वानवा असलेले शहर म्हणून कोणी नागपूरकडे बोट दाखवणार नाही. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आहेत, मिहानमध्ये एम्स आहे, धंतोली-रामदासपेठेत तर पावलोपावली खासगी रुग्णालये आहेत. गोंदिया-गडचिरोलीपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचा रुग्ण इथे येतो. यंत्रे, खाटा, तज्ज्ञ कधी कमी पडतातही, पण बाहेरगावाहून आलेल्या नातेवाइकाला पहिली अडचण येते ती वेगळीच : चिठ्ठी कुठल्या खिडकीवर काढायची, तपासणीचा कागद कुठल्या इमारतीत मिळणार, डॉक्टर जे बोलले त्याचा अर्थ काय. या प्रश्नांसाठी फलक असतात, ऑनलाइन नोंदणी असते, आणि तरी लोक शेवटी दारावरच्या सुरक्षारक्षकालाच विचारतात. ज्याच्या कामाच्या यादीत हे काम नाही, असा माणूस सगळ्या रुग्णालयाची वाटाड्यागिरी करत असतो. समाजसेवा अधीक्षक नावाचे पद सरकारी रुग्णालयांत याच कारणासाठी आहे. ते किती जणांना ठाऊक आहे हा वेगळा प्रश्न.

माणूस दारापर्यंत गेला की काय होते याबाबत गडचिरोलीचे उदाहरण जगभर सांगितले जाते, पण बहुधा अर्धेच. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांच्या पाहणीत 1993 ते 1995 या काळात दर हजार जिवंत जन्मांमागे 62 बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. रुग्णालय दूर होते, बाळंतीण घराबाहेर पडत नव्हती, आणि एवढ्या लहान जिवाला काही उपचार असतात यावरच घरच्यांचा विश्वास नव्हता. संस्थेने 39 गावांत गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना तयार केले. बाळंतपणाला हजर राहायचे, नंतर महिनाभर पुन्हापुन्हा घरी जायचे, बाळाचे वजन करायचे, ते गार पडले आहे का पाहायचे, आईला अंगावर पाजायला मदत करायची, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायचे. तिसऱ्या वर्षी मृत्युदर 25.5 वर आला. ही सेवा नसलेल्या 47 गावांशी तुलना करता घट 62 टक्क्यांची होती. डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले.

यावर कोणी म्हणेल, बाळे वाचली ती इंजेक्शनमुळे, मायेमुळे नव्हे. आक्षेप बरोबर आहे, पण अपुरा आहे. ते प्रतिजैविक काही गडचिरोलीत शोधलेले नव्हते; जुने, स्वस्त औषध होते. नवी होती ती सुई टोचू देण्याइतकी घरात शिरलेली बाई. या अभ्यासाच्या काळात तिला घरांनी दारे उघडली, 93 टक्के नवजातांपर्यंत ती पोचली, आणि त्या दिवसांच्या हिशेबाने एका बाळामागे खर्च आला सव्वापाच डॉलरच्या आसपास. औषध आणि विश्वास यांची फारकत करून मोजमाप करता येत नाही, कारण विश्वास नसता तर औषध पेटीतच राहिले असते.

दुसरा पुरावा अमरावती जिल्ह्यातला. ‘विश्राम’ नावाच्या कार्यक्रमात तिथल्या 30 गावांत नैराश्यावर काम झाले. गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन बोलायचे, गरज दिसली तर समुपदेशकाकडे आणि त्यापुढे मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे, अशी ती रचना. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त 4.3 टक्के लोक मदतीपर्यंत पोचत होते. नंतरच्या पाहणीत हे प्रमाण 27.2 टक्के आढळले. हे निष्कर्ष 2017 मध्ये छापून आले. इथे तुलनेसाठी दुसरी गावे नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमाला देणे घाईचे ठरेल. पण ज्या मुलखात शेतकरी आत्महत्यांवर पॅकेजे जाहीर होतात, तिथे बोलायला कोणी येणे एवढ्यानेही वाट किती उघडते, हे त्यातून दिसते.

आता खरा आक्षेप. तो नागपुरात बसून टाळताच येत नाही. जवळीक चांगली असते हे गृहीत कोणी धरले? 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवगाथेची चिरफाड केली होती. संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे ते आगर, असा त्यांचा रोख होता. गावात सगळे सगळ्यांना ओळखत होते, आणि त्या ओळखीतच कोणी कुठल्या विहिरीवर जायचे हे ठरलेले होते. सावकारही घरच्यासारखाच असे. सातबाऱ्यावरचे नाव बदलेपर्यंत. शहराचा तुटकपणा ज्यांच्या वाट्याला मोकळा श्वास म्हणून आला, त्यांना माणुसकीच्या नावाने पुन्हा त्याच ओळखीच्या स्वाधीन करणे हा अन्याय होईल. मेट्रोचे तिकीट देणारे यंत्र आडनाव विचारत नाही. बँक खात्यात थेट जमा होणाऱ्या रकमेसाठी कोणाच्या ओट्यावर ताटकळावे लागत नाही. हे फायदे क्षुल्लक नाहीत, आणि जे कधी ताटकळले नाहीत त्यांनाच ते क्षुल्लक वाटतात.

पण त्याच आंबेडकरांच्या मसुदा समितीने संविधानाच्या उद्देशिकेत बंधुता आणली. मूळच्या उद्दिष्टांच्या ठरावात ती नव्हती. बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगासारखी राहतील, हे त्यांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बजावले. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी याच शहरात लाखोंना धम्मदीक्षा देताना त्यांनी दाखवलेला मार्ग प्रज्ञेइतकाच करुणेचा होता. म्हणजे जुनी जवळीक नाकारून ते कोरड्या तुटकपणापाशी थांबले नाहीत. बरोबरीच्या माणसांमधला संबंध त्यांना हवा होता. गडचिरोलीतली बाई आणि गावचा सावकार दोघेही दारात येतात, पण ती कोणाकडे जायचे हे जात पाहून ठरवत नाही, तिची नोंदवही तपासली जाते, ती चुकली तर जाब विचारता येतो. वशिल्याला पर्याय म्हणून आपण यंत्र आणले ते योग्यच केले. चूक झाली ती माणूसच नको अशी समजूत करून घेण्यात. एखाद्या म्हातारीच्या राबून झिजलेल्या बोटाचा ठसा रेशन दुकानातल्या यंत्रावर उमटत नाही, तेव्हा यंत्राचा निःपक्षपातीपणा तिच्या काही कामाचा नसतो. तिला तिथे निर्णय घेण्याचा अधिकार असलेला कोणी तरी हवा असतो.

आता मराठीत बोलणारी यंत्रेही आली आहेत, रात्री दोन वाजताही न कंटाळता उत्तर देणारी. माहितीसाठी ती उपयोगी आहेत. मात्र यंत्र उत्तर देते ते विचारलेल्या प्रश्नाचे. थंड पडलेल्या बाळाच्या आईने प्रश्न विचारलेलाच नसतो, कारण विचारण्यासारखे काही घडते आहे हे तिला कळलेले नसते. ते घरात गेलेल्याच्या नजरेला पडते.

खर्च परवडत नाही, हा राहिलेला आक्षेप तर आपण स्वतःच हास्यास्पद केला आहे. गडचिरोलीच्या धर्तीवर 2011 पासून देशभर आशा सेविका नवजातांच्या घरी जाऊ लागल्या. 42 दिवसांतल्या सहा-सात भेटींसाठी ठरलेला मोबदला आहे 250 रुपये. एकेका भेटीचे चाळीस रुपये म्हणा. वर त्याच सेविकेच्या हाती मोबाईल देऊन तिच्याकडून माहिती भरून घेतली जाते. पडद्यावर भरलेला रकाना मोजला जातो. बाळंतिणीपाशी बसलेला अर्धा तास कुठेच नोंदला जात नाही. 2023 च्या ऑक्टोबरात राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा मानधनाबरोबर या ऑनलाइन कामाचीही तक्रार होती. या तक्रारीकडे आळस म्हणून पाहणाऱ्यांना आशा सेविकेचे मूळ काम काय, हेच कळलेले नाही.

दर डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन भरते आणि मोर्चे यशवंत स्टेडियमवरून निघतात. पुढच्या वेळी आशा सेविकांच्या मोर्चामुळे सीताबर्डीत गाडी अडकली, तर हॉर्न वाजवण्याआधी त्यांचे पत्रक मागून घ्या आणि वाचा. आणि आपल्या आमदाराला विचारा की मेडिकल-मेयोतल्या समाजसेवा अधीक्षकांची किती पदे आज भरलेली आहेत.