अरण्याचा दाखला

जंगल किती उरले, हे विचारावयाचे तर पूर्वी शासनाच्याच दफ्तरात जावे लागे. वनरक्षकाने फेरी मारावी, वरच्या अंमलदाराने नोंदीवर सही करावी आणि तीच नोंद प्रमाण म्हणून चालावी, अशी रीत होती. २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला आणि या रीतीला प्रथमच बाहेरचा साक्षीदार मिळाला. आपल्याकडे त्या साक्षीचा पहिला परिणाम धक्कादायक होता. राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने १९७२-७५ आणि १९८०-८२ या कालखंडांतील चित्रे ताडून पाहिली, तेव्हा देशाच्या भूमीवरील जंगलाचे प्रमाण १६.८९ टक्क्यांवरून १४.१० टक्क्यांवर आलेले दिसले. कागदोपत्री वनजमीन मात्र याहून पुष्कळ अधिक होती.

साक्ष मिळाली तरी ती सत्तेपुढे टिकेल काय, हा पुढचा प्रश्न ब्राझीलमध्ये कसोटीला लागला. तेथील राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून अ‍ॅमेझॉनमधील वृक्षतोडीचे वार्षिक मोजमाप करीत आली आहे. २०१९ च्या जुलैत तिच्या आकड्यांनी तोड वाढल्याचे दाखविताच राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी ते खोटे ठरविले, आणि ऑगस्टमध्ये संचालक रिकार्दो गाल्वाँव यांना पद सोडावे लागले. पुढे त्या वर्षाचे अंतिम मोजमाप झाले, तेव्हा तोड १०,१२९ चौरस किलोमीटर भरली. आदल्या वर्षी ती ७,५३६ होती. संचालक गेले, आकडा गेला नाही. लँडसॅटची चित्रे २००८ पासून जगात कोणासही विनामूल्य मिळत होती, आणि ज्याला शंका असेल त्याला ती तोड स्वतः मोजून पाहता येत होती, हेच मला या प्रकरणातील सर्वांत मोलाचे वाटते.

दुसरीकडे, अरण्याशी काहीही संबंध नसलेल्या दोन संशोधकांनी, स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी, संगणकातील दस्तऐवज अमुक तारखेस अमुक स्वरूपात होता हे सिद्ध कसे करावे, याचा मार्ग १९९१ साली मांडला. दस्तऐवजाचा गणिती ठसा काढावा आणि प्रत्येक ठशात आधीच्या ठशाचा अंश गुंफावा, असा तो मार्ग होता. १९९५ पासून हे ठसे ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापले जाऊ लागले. घरोघर पोचलेले अंक परत घेऊन त्यांत फेरफार करणे कोणाला शक्य होते? २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधात वृत्तपत्राची जागा असंख्य संगणकांनी घेतली, आणि ब्लॉकचेनचा जन्म झाला.

आता हे दोन प्रवाह एकत्र येत आहेत. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील सूक्ष्मतम बिंदू म्हणजे जमिनीवरील दहा मीटर लांबी-रुंदीचा तुकडा. अशा चित्राचा, वेळ व अक्षांश-रेखांशांसह, ठसा काढला तर तो चौसष्ट चिन्हांचा होतो, आणि एका बिंदूचा रंग कोणी पालटला तरी तो ओळखू न येण्याइतका बदलतो. युरोपीय संघाने तर २०२३ मध्ये कॉफी, कोको, रबर आदी मालासोबत तो ज्या जमिनीत पिकला तिचे अक्षांश-रेखांश मागणारा कायदाच केला. परंतु ठसा सांगतो ते एवढेच, की नोंद नंतर पालटलेली नाही. ती करताना सत्य सांगितले होते काय, याविषयी तो मुका असतो. भारतीय वनसर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर वा अधिक भूभागावर दहा टक्के वृक्षछत्र असले की, मालकी व झाडांची जात न पाहता, ते वनाच्छादन ठरते. सिंधुदुर्गातील मूळचे रान तोडून तेथे काजू वा रबर लावले, तर काही वर्षांनी तो डोंगर पुन्हा वनात मोजला जाईल, आणि त्या मोजणीवर ब्लॉकचेनचे शिक्कामोर्तब झाले, तर एक दिशाभूल कायमची सुरक्षित होईल.

म्हणून वनसर्वेक्षणाने प्रत्येक अहवालामागील नकाशे, अक्षांश-रेखांशांसह आणि वर्गीकरणाच्या पद्धतीसह, ग्रामसभेला व कोणाही जिज्ञासूला जागेवर जाऊन पडताळता येतील अशा रीतीने प्रथम खुले करावेत. त्यांची तारीख पक्की करणाऱ्या साखळीवरील खर्च त्यानंतर करावा.