लव्हाळा उगवतो ती जागा



नम्रतेचा विषय निघाला की कीर्तनात तुकोबारायांचा लव्हाळा यायचाच. पुरात तो कसा तगतो, हे मी हातवारे करून सांगायचो आणि श्रोते माना डोलवायचे. चाळीस वर्षे हा दृष्टान्त दिला. पण लव्हाळा उगवतो कुठे, हे मनाला एकदाही विचारले नाही. तो ओल धरणाऱ्या जमिनीत उगवतो. अशी एक जागा बुजवताना पहिला नारळ मी फोडला आहे. त्याची ही कबुली.

गाव डोंगराच्या कडेचे. नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या गावाचा नाही. देवळामागे वीसेक गुंठ्यांचे चिभड होते. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी, दिवाळीपर्यंत चिखल आणि शिमग्याला भेगा. नांगर चालत नसे, गुरे रुतत. सप्ताहाच्या मंडपाला जागा हवी होती, म्हणून मुरूम टाकून ते भरायचे ठरले. काल्याच्या कीर्तनात मी म्हणालो, “डबक्याचे देवालय होते आहे, याहून मोठे पुण्य कोणते?” मोठा जयघोष झाला. मुरमाची पहिली पाटी माझ्याच हातून पडली.

सात-आठ वर्षांनी त्याच गावी चैत्रात गेलो. देवळाच्या विहिरीने तळ गाठला होता आणि पंगतीचे पाणी टँकरने आले होते. एक म्हातारी पाया पडून म्हणाली, “महाराज, मागं चिभड व्हतं तवर हिरीला पानी व्हतं.” विहीर आटायला कारणे अनेक असतात, गावात बोअरही वाढले होते. पण तिचे बोलणे मला खोडता आले नाही.

आता गळा साथ देत नाही. क्रांती चौकाजवळ मुलाच्या घरी असतो. नात भूगोल शिकते. एके दिवशी तिने संगणकावर देशातल्या पाणथळ जागांचा नकाशा दाखवला. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून तो केला आणि २०११ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ७,५७,०६० जागा आहेत. त्यांतल्या २,०१,५०३ जागा सव्वादोन हेक्टरांहून, म्हणजे साधारण साडेपाच एकरांहून मोठ्या आहेत. त्यांच्या सीमा आखल्या गेल्या आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या राखायला सांगितले. उरलेल्या ५,५५,५५७ लहान जागा म्हणजे नकाशावर नुसते ठिपके.

मी विचारले, “बाळ, देवळामागचे आमचे चिभड यात कुठे?”

ती म्हणाली, “आबा, वीस गुंठे म्हणजे फार तर एक ठिपका. आणि नकाशा व्हायच्या आधीच तुम्ही ते बुजवलेत.”

तेव्हापासून एक प्रश्न छळतो. जे मोजणीत आले नाही, ज्याला कागदावर नाव नाही, ते राखायचे कोणी? आणि का?

आपल्या संप्रदायाच्या नद्या सह्याद्रीतून येतात. गोदामाई ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिथे पायथ्याला निवृत्तिनाथांची समाधी आहे. भीमाशंकरला निघालेली भीमा पंढरीत चंद्रभागा होते. आळंदीची इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरातली. आपण एका कुंडाला उगम म्हणून हात जोडतो. पण नदी एका कुंडावर जगत नाही. डोंगरमाथ्यावरच्या सड्यांवर, कासच्या पठारासारख्या जांभ्या कातळावर, पावसाळ्यात असंख्य उथळ तळी भरतात. काही तर वीतभरच खोल. डोंगरउतारावरची ओलसर चिभडेही तशीच. ती पाणी थोपवतात, गाळ धरतात, आणि खालच्या खडकाला भेगा असतील तिथे पाणी हळूहळू मुरू देतात. तेच पुढे झऱ्याच्या रूपाने भेटते. जे पाणी थांबले नाही ते माती घेऊन धावत सुटते. उन्हाळ्यात तिथे गेलात तर कोरडा कातळ दिसेल आणि तुम्ही म्हणाल, इथे काय आहे? सातबाऱ्यावरही अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात. आपल्या पोटाला धान्य देत नाही ती खराब!

नकाशा व्यर्थ आहे, असे मी म्हणणार नाही. नाव लागले की मान मिळतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरला बंधारा बांधला, मागे गाळ साचला, पक्षी येऊ लागले. ते महाराष्ट्राचे पहिले रामसर क्षेत्र ठरले. पुढे २०२० साली लोणार आणि २०२२ साली ठाण्याची खाडी त्या यादीत गेली. रामसर हे इराणातले गाव. १९७१ साली तिथे पाणथळ जागांसाठी देशोदेशींचा करार झाला. यादी हवीच. पण यादीला कुंपण असते. आपल्याकडच्या २०१७च्या नियमांत सिंचनासाठी बांधलेले जलाशय पाणथळाच्या व्याख्येत बसत नाहीत. पैठणचा नाथसागर धरणाने झालेला. तिथल्या पक्ष्यांना आधार आहे तो १९८६ साली जाहीर झालेल्या अभयारण्याचा. पक्ष्याला व्याख्या ठाऊक नसते. तो ओल पाहून उतरतो.

ज्यांच्या नावाने हे पाणी ओळखले जाते, त्या नाथ महाराजांची कथा आपल्याला पाठ आहे. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. गाढव कोणत्या यादीत होते? त्याचा उपयोग काय, असे नाथांनी विचारले नाही. तहान पाहिली आणि त्या जिवात रामेश्वर ओळखला. ही कथा मी त्याच देवळात सांगितली होती, आणि मागच्या चिभडातल्या बेडकांची, बगळ्यांची, विहिरीच्या झऱ्याची तहान मला दिसली नव्हती. दृष्टान्त जिभेवर होता, दृष्टीत नव्हता.

कोणी म्हणेल, “महाराज, गावाला मंडप नको का?” हवा. तो पलीकडच्या मुरमाड माळावर झाला असता. देवळापासून दोनशे पावले चालावे लागले असते. पंढरीपर्यंत पायी जाणाऱ्या आम्हांला दोनशे पावले जड झाली! मात्र ज्या गरिबाची सगळी जमीनच चिभड आहे, त्याच्या एकट्याच्या माथी राखण मारून आपण मोकळे होऊ नये. पाणी साऱ्या गावाचे, तर भारही साऱ्या गावाने वाटून घ्यावा.

उपग्रहाला जे ठिपक्याएवढे दिसते, ते गावातल्या जाणत्याला पायाखालचे ठाऊक असते. म्हणून दिंडीप्रमुखांना, कीर्तनकार बंधूंना हात जोडून विनंती आहे. श्रावणात एक दिवस शिवारात फिरा. पाऊस उघडल्यावर पाणी कुठे थांबते, लव्हाळा कुठे माजतो, झरा कुठे फुटतो, ते म्हाताऱ्यांना विचारा. गट नंबरासह लिहून ग्रामसभेत मांडा. आणि बांधकामाच्या नारळाला बोलावणे आले तर आधी विचारा, या जागेवर पावसाळ्यात काय असते?

देवळामागचा मुरूम आता निघायचा नाही, मंडप उभा आहे. पण त्या गावाच्या वेशीबाहेर दुसरे लहान चिभड अजून शिल्लक आहे. गावकऱ्यांना निरोप धाडला आहे. पाऊस पडला की काठी टेकत जाईन, नात बरोबर असेल. ती सीमा आखील, मी लव्हाळा दाखवीन. आणि त्या म्हातारीची गाठ पडली, तर या वेळी पाया मी पडेन.

राम कृष्ण हरी.