मागितलं एक, दिलं दुसरं

व्हिज्युअल नॉव्हेल नावाच्या खेळप्रकाराला प्रेमकथा सांगताना एक मोठी अडचण येते. त्यातली माणसं हलत नाहीत. मागे एक स्थिर चित्र, पुढे कमरेपर्यंत रेखाटलेलं पात्र, खाली संवादाची चौकट. चेहऱ्याचे मोजके भाव आलटूनपालटून वापरायचे, अधूनमधून संगीत बदलायचं, आणि बाकीचा सगळा भार शब्दांवर टाकायचा. सिनेमात एकाच्या हाताला दुसऱ्याचा हात लागला की प्रसंग उभा राहतो. इथे बरेचदा हात काढलेलेच नसतात. मोठ्या कंपन्या पैसा ओतून ही उणीव झाकू शकतात. दोन-तीन जणांच्या चमूला ते परवडत नाही. टॉम रॉथमेल यांनी २००४ साली ‘रेनपाय’ हे मोफत साधन आणलं आणि एकट्यादुकट्या माणसालाही असा खेळ रचता येऊ लागला; पण स्पर्श कसा दाखवायचा हा प्रश्न तसाच राहिला.

या छोट्या, स्वतंत्र खेळांमध्ये काहीतरी बनवण्याचं काम एवढं का शिरलं, याचं एक कारण मला इथे दिसतं. पेयं मिसळायची, काढे उकळायचे, कवितेसाठी शब्द वेचायचे, इडल्या लावायच्या. खेळणाऱ्याच्या हाताला काम मिळालं की पडद्यावरून गायब असलेलं शरीर थोडं तरी परत येतं. कुणासाठी तरी काही करणं ही प्रेमाची सगळ्यात जुनी कृती, आणि ती दाखवायला महागडी सजीव चित्रं लागत नाहीत. आता, बनवलेली वस्तू समोरच्याला काय सांगते? की ती त्याच्या खात्यावर नुसती जमा होते? या प्रकारातले बरे खेळ आणि कंटाळवाणे खेळ मी या एका प्रश्नावर वेगळे करतो.

खात्यावर जमा होण्याची पद्धत सगळ्यांत स्पष्ट दिसते ती ‘स्टारड्यू व्हॅली’त. एरिक बरोन यांनी एकहाती केलेला, २०१६ साली आलेला हा शेतीचा खेळ. तो व्हिज्युअल नॉव्हेल नाही, पण त्यातला प्रेमाचा हिशेब नंतरच्या असंख्य खेळांनी उचलला. गावातल्या प्रत्येकाला आठवड्यातून दोन भेटवस्तू देता येतात. डॉक्टर हार्वीला कॉफी आवडते, अ‍ॅबिगेलला जांभळा अ‍ॅमेथिस्ट. दिलं की जवळीक मोजणारी हृदयं भरत जातात. आठ भरली की पुष्पगुच्छ द्यायचा, दहा भरली की लग्नाची मागणी घालायची. हार्वीला सलग दोन वर्षं कॉफीच देत राहिलं तरी तो प्रत्येक वेळी तितकाच हरखतो. मला हे सुरुवातीला गोड वाटलं होतं. नंतर वाटलं, माणूस कॉफीला कंटाळत नसेल तर त्याला कॉफी देण्यात माझं कर्तृत्व काय?

‘पोशनॉमिक्स’ (२०२२) या बाबतीत निदान प्रामाणिक आहे. सिल्विया नावाची तरुण मुलगी मेलेल्या काकाचं काढ्यांचं दुकान आणि त्याचं डोंगराएवढं कर्ज घेऊन बसते. दिवसा कढईत औषधं उकळायची, मग गिऱ्हाइकांशी घासाघीस करायची. ही घासाघीस पत्त्यांनी होते, आणि नवे पत्ते मिळतात ते गावातल्या लोकांशी जवळीक वाढवल्यावर. म्हणजे एखाद्याबरोबर संध्याकाळ घालवली, त्याचं दुःख ऐकलं, की दुसऱ्या दिवशी काढा चढ्या भावानं विकण्याची एक नवी युक्ती हाती येते. प्रेमाचं असं उघड भांडवल झालेलं मी दुसरीकडे क्वचितच पाहिलंय. खेळ हसरा आहे, चित्रं देखणी आहेत, पात्रं लोभस आहेत, त्यामुळे आपण काय करतोय हे लक्षात यायला वेळ लागतो. कर्जात बुडालेल्या माणसाला मैत्रीही कामाला लावावी लागते, असं काही या खेळाला म्हणायचं असतं तर तो मोठा खेळ झाला असता. पण तसं म्हणण्यापाशी तो पोचत नाही.

आपल्याकडच्या लग्नातल्या रुखवताची इथे आठवण होते. मुलीच्या हातचं भरतकाम, विणकाम, साखरेची फळं, शोभेच्या वस्तू, सगळं मांडवात टेबलावर मांडायचं. मायेनं केलेलं असतं हे खरं, पण ते मांडलेलं असतं सासरच्या नजरेसाठी. मुलगी किती गुणाची, याचा तो पुरावा. कौशल्य दाखवा आणि पसंती मिळवा, हा व्यवहार खेळवाल्यांनी शोधलेला नाही. त्यांनी फक्त त्याला आकडे जोडले. (हल्ली रुखवताच्या तयार वस्तू विकत आणि भाड्यानंही मिळतात, आणि खेळणारेही कुणाला काय आवडतं याच्या तयार याद्या शोधून काढतात.)

या व्यवहारावर सगळ्यात क्रूर टीका केली ती ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’नं. टीम साल्वाटोचा हा खेळ २०१७ साली फुकट उपलब्ध झाला. शाळेतलं साहित्य मंडळ, चार मुली, आणि रोज रात्री एक कविता लिहायची. लिहायची म्हणजे समोर येणाऱ्या शब्दांतून वीस शब्द निवडायचे. प्रत्येक शब्द कुठल्या तरी मुलीच्या पसंतीचा. निवडला की कोपऱ्यातली तिची चिमुकली आकृती आनंदानं उडी मारते. ज्या मुलीच्या आवडीचे शब्द जास्त, दुसऱ्या दिवशी तिचा सहवास. वीस शब्द निवडूनही आपण लिहिलेली कविता आपल्याला वाचायला मिळत नाही, हा यातला खोचक तपशील. कवितेची गरजच नाही. कुणाला उडी मारायला लावायची, एवढंच ठरवायचं. आणि त्या कोपऱ्यात मंडळाची अध्यक्ष मोनिका नाही. तिच्यासाठी कविता लिहिण्याची सोयच ठेवलेली नाही. पुढे खेळ जो भयंकर होत जातो त्याचं मूळ या गाळलेल्या जागेत आहे: ज्या मुलीला प्रेमाच्या हिशेबात रकाना नाही, ती हिशेबाची वहीच फाडायला निघते. बाकीच्या मुलींच्या फायलींशी खेळते, आणि शेवटी तिची फाइल आपल्याला संगणकातून स्वतःच्या हातानं पुसावी लागते. खेळाची सुरुवात मी जरा कंटाळतच ओलांडली. तो कंटाळाही रचलेला आहे, हे मागाहून उमगलं.

टीका झाली, पण मग प्रेम दाखवायचं कसं? त्याचं उत्तर मला एका बारमध्ये सापडलं.

‘व्हॅलहाला’ (मूळ नाव अक्षरं आणि आकडे मिसळून लिहितात) हा सुकेबान गेम्सचा खेळ २०१६ च्या जूनमध्ये आला. ख्रिस्तोफर ओर्तिझ आणि फर्नांडो दामास हे त्याचे कर्ते व्हेनेझुएलाचे. २०१४ साली एका ‘गेम जॅम’साठी, म्हणजे ठरावीक मुदतीत खेळ बनवण्याच्या उपक्रमासाठी, केलेल्या छोट्या नमुन्यातून तो वाढला. तो वाढत होता त्या वर्षांत त्यांच्या देशात दुकानं रिकामी होत होती आणि चलनाला किंमत उरत नव्हती. खेळातलं ग्लिच सिटी हे भविष्यातलं, कंपन्यांच्या आणि हडेलहप्पी पोलिसांच्या ताब्यातलं शहर. त्यातल्या एका गल्लीतल्या बारमध्ये जिल स्टिंगरे पेयं बनवते.

या खेळात संवादाचे पर्याय नाहीत. व्हिज्युअल नॉव्हेलचा कणा म्हणजे ‘तू काय बोलशील?’ असं विचारणारी चौकट. ती काढूनच टाकली आहे. जिल जे बोलायचं ते बोलते, आपल्या हातात फक्त शेकर. पाच द्रव्यं, त्यांची मापं, बर्फ घालायचा की नाही, मुरवायचं की नाही, किती वेळ हलवायचं. कार्मोट्रीन नावाचं द्रव्य म्हणजे दारू. काही पेयांत ते किती घालायचं हे आपल्यावर. गिऱ्हाईक कधी पेयाचं नाव सांगतं, कधी नुसतंच गोड काहीतरी मागतं, कधी नेहमीचं. नेहमीचं म्हणजे काय, हे लक्षात ठेवणं आपलं काम. चुकीचं दिलं तर पैसे बुडतात. पण काही वेळा मागितलं त्यापेक्षा वेगळं दिलेलंच बरोबर ठरतं, आणि जीभ सैल होऊन माणूस जे सांगणार नव्हता ते सांगून जातो.

भेटवस्तूच्या हिशेबापेक्षा हे वेगळं का? भेटवस्तू देताना आपल्याला समोरच्याची आवड माहीत असली की पुरतं. इथे त्याची आजची अवस्था ओळखावी लागते. डॉरोथी ही यंत्रमानव वेश्या ‘पियानो वुमन’ पिते आणि आपल्या धंद्याबद्दल अशा मजेत बोलते की समोरचा ओशाळतो. तीच डॉरोथी एखाद्या रात्री वेगळी असते, आणि त्या रात्री नेहमीचा ग्लास पुढे सरकवणं म्हणजे तिच्याकडे लक्ष नव्हतं अशी कबुली. मागणी आणि गरज यांत अंतर आहे, आणि ते अंतर किती, याचा अंदाज आपल्या हातानं करायचा. ओळखीच्या माणसाबद्दल आपण रोज असे अंदाज करतो आणि बऱ्याचदा चुकतो.

आणखी एक गोष्ट. जिल हे सगळं पगारासाठी करते. घरभाडं, विजेचं बिल; नाही भरलं तर खेळ वाईट संपतो. तिला घरासाठी हवी असलेली एखादी छोटी वस्तू घेऊन दिली नाही, तर दुसऱ्या दिवशी कामात तिचं लक्ष लागत नाही आणि गिऱ्हाइकानं काय मागितलं हे पडद्यावर आपल्यासाठी टिपलेलं राहत नाही. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाई सुंदरींचा अभ्यास मांडला होता: हसणं, धीर देणं, राग गिळणं हेही काम आहे, आणि ते पगारावर विकावं लागलं की स्वतःच्या भावनांशी माणसाचं नातं बिघडतं. ‘व्हॅलहाला’ खेळताना ते विवेचन आठवत राहतं. दिवसभर परक्यांना आपुलकी विकून घरी आलेल्या जिलकडे स्वतःच्या प्रेमासाठी काय उरतं? तिची जुनी प्रेयसी लेनोर. दोघी भांडून वेगळ्या झालेल्या. पुढे लेनोरच्या धाकट्या बहिणीकडून, गॅबीकडून, जिलला कळतं की लेनोर आता नाही. रोज रात्री ओळखी-अनोळखी माणसांना नेमकं हवं ते देणाऱ्या जिलनं स्वतःच्या माणसाला, जेव्हा द्यायला हवं होतं तेव्हा, काहीच दिलं नव्हतं. या दुःखावर खेळात कुठलीही पाककृती नाही. हृदयं भरण्याचा तक्ता नाही म्हणूनच हे दुःख इतकं अंगावर येतं. तक्ता असता तर लेनोरचा रकाना अर्धवट भरलेला दिसला असता आणि आपण पुन्हा खेळून तो पूर्ण करायला गेलो असतो.

‘कॉफी टॉक’ (२०२०) हा या बारचाच सौम्य वारसदार. इंडोनेशियातल्या टोगे प्रॉडक्शन्सचा खेळ, मोहम्मद फाहमी यांची कल्पना. स्थळ मात्र सिअ‍ॅटल: एल्फ, ऑर्क, व्हॅम्पायर आणि माणसं शेजारीपाजारी राहतात असं पर्यायी सिअ‍ॅटल. दुकान रात्रीच उघडतं. कॉफी, चहा, चॉकलेट किंवा दूध हा पाया, त्यावर आलं, दालचिनी, मध, पुदिना, लिंबू यांतले दोन. यादीत जावाकडचं दूध-मध-आल्याचं गरम पेयही आहे. सर्दी झाली की आपल्या घरात जे उकळतं त्याच्या हे फार जवळचं.

इथली मुख्य प्रेमकथा बेलीज आणि लुआ यांची. तो एल्फ, ती सक्युबस (मोहिनी घालणारी राक्षसी), घरच्यांचा विरोध. आंतरजातीय लग्नाच्या भोवती घरांत होणारी बोलणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांना ही भांडणं अजिबात परकी वाटणार नाहीत, घराण्याच्या नावाची काळजीसुद्धा. महत्त्वाचं हे, की आपण या प्रेमात नाही. आपण काउंटरच्या अलीकडे उभे. दोघं आपल्यासमोर भांडतात, आपण दोघांना कप देतो. आपल्या वाट्याला त्यातलं काही येत नाही, फार तर ओळख वाढते. व्हिज्युअल नॉव्हेलमधलं मला पटलेलं प्रेम बरेचदा असं दुसऱ्याचं प्रेम असतं, आणि हे काही योगायोगानं होत नाही. आपल्याला मिळण्यासारखं काही नसलं की आपण मोजणं सोडतो.

‘कॉफी टॉक’ मला ‘व्हॅलहाला’इतका धारदार वाटत नाही. त्याचा दयाळूपणा कधी कधी गुळचट होतो. सगळेच शहाणे होऊन घरी जातात. पण त्यात एक सोय आहे जी मला फार आवडते. दुधाच्या पेयावर नक्षी काढता येते. तिला कुणी गुण देत नाही. पान, हृदय किंवा नुसता फराटा काढला तरी गोष्टीचं पान हलत नाही. तरी लोक त्यात वेळ घालवतात.

माझ्या मांडणीवर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. पुष्कळ लोक हे खेळ हिशेबासाठीच खेळतात. बाहेरच्या प्रेमात काहीच ठरलेलं नसतं. चांगलं वागूनही माणसं निघून जातात. अशा वेळी कॉफी दिली की हार्वी हरखणार, ही खात्री हवीशी वाटते. विंटर वुल्व्हज या छोट्या इटालियन कंपनीच्या ‘अंबर्स मॅजिक शॉप’मध्ये शिकाऊ मुलगी साहित्य गोळा करते, मागण्या पुरवते, आणि मधल्या वेळात तिचं प्रेम जमतं. दिवसभर राबून आलेल्या माणसाला ही लय विश्रांती देत असेल तर मी नाक मुरडणारा कोण? माझी तक्रार या विश्रांतीबद्दल नाही. अशा खेळाला प्रेमाविषयीचा खेळ म्हणून खपवण्याबद्दल आहे.

कॅनडातल्या तमिळ कुटुंबावरचा ‘वेंबा’ (२०२३) या वादात वेगळ्याच बाजूनं शिरतो. आईची पाककृतींची वही फाटलेली, डागाळलेली; कुठली पायरी गाळली गेली हे ताडत स्वयंपाक करायचा. इडलीच्या ताटल्या अशा रचायच्या की वाफेला वाट मिळेल. चुकलं तर पुन्हा लावायच्या, दंड नाही. पुढे मोठा झालेला मुलगा, कविन, तीच वही घेऊन बसतो आणि त्याला तमिळ धड वाचता येत नाही. खाणारं कुणी समोर नसताना तो रांधायला घेतो. आता हे कुणाला खूश करण्यासाठी केलेलं म्हणायचं?

फाहमी यांनी हाच प्रश्न आणखी ताणला. ‘कॉफी टॉक’नंतर त्यांनी जाकार्तात घडणारा ‘आफ्टरलव्ह ईपी’ हाती घेतला. मार्च २०२२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं आणि २०२५ च्या १४ फेब्रुवारीला खेळ आला. नायक रामा हा संगीतकार. त्याची प्रेयसी चिंता वारली आहे, पण तिचा आवाज त्याच्या डोक्यात बोलत राहतो. नवी माणसं भेटतात, त्यांच्यात गुंतायचं की नाही ते खेळणाऱ्यानं ठरवायचं, आणि ते ठरवत असताना चिंता बोलतच असते. रामा गाणी वाजवतो. जिच्यासाठी ती सुचत होती तिच्या खात्यावर आता काहीही जमा होऊ शकत नाही, आणि बँडचे सोबती तर तालमीसाठी त्याची वाट पाहताहेत.