माहुलीची अमानत

आसनगाव स्टेशनात गाडी थांबली की माहुलीचे सुळके दिसू लागतात. शहापूर तालुक्यातल्या या किल्ल्यावर रविवारी मुंबईची तरुण मुले चढतात आणि संध्याकाळच्या लोकलने परततात. १६३६ साली या किल्ल्याला वेढा पडला होता. इतिहासाची पुस्तके तो दोन-चार ओळींत आटोपतात. आम्हाला मात्र तो पुन्हा पुन्हा आठवतो. कारण वफादार कोण आणि गद्दार कोण, हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने उत्तर आमच्या नावावरूनच ठरवलेले असते.

वेढ्याची हकीकत अशी. १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हाती पडले आणि हुसेन निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. निजामशाही बुडाली असेच सर्वांनी धरले. पण शहाजीराजे भोसले यांनी त्या घराण्यातले एक लहान मूल, मुर्तजा, पेमगिरी किल्ल्यावर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने सुमारे तीन वर्षे कारभार चालवला. १६३६ साली शाहजहान स्वतः दख्खनेत उतरला. त्याने विजापूरच्या आदिलशहाशी तह केला. मग मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान असे दोघे राजांच्या पाठीवर आले. राजांनी माहुलीचा आश्रय घेतला. वेढा आवळत गेला, मदत येण्याची आशा उरली नाही. अखेर राजांनी तह केला. मुर्तजाला मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. शिवनेरी, हरिश्चंद्रगड, जीवधन असे किल्लेही गेले. मुरबाडहून नाणेघाट चढून गेले की जो समोर उभा राहतो, तोच हा जीवधन. राजे स्वतः आदिलशाहीच्या चाकरीत गेले.

ही दख्खनची यादवीच होती. गडावर मुसलमान राजघराण्यातल्या मुलाला जपणारा मराठा सरदार, गडाखाली मुसलमान सेनापती, आणि मोगलांच्या चाकरीत कितीतरी मराठे. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधव यांचा १६२९ साली दौलताबादेस निजामशहाच्याच दरबारात खून झाला होता. त्यानंतर राजे काही काळ मोगलांकडेही गेले होते. तरी त्याच घराण्याचे मूल त्यांनी सांभाळले. यात त्यांचा राजकीय फायदा नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. पण या लढाईत धर्मावरून कुणाची बाजू ओळखायला गेलो तर प्रत्येक वेळी चुकू, एवढे नक्की.

खरा प्रश्न पुढेच आहे. ज्याला जपण्याची जबाबदारी घेतली ते मूल शत्रूच्या हाती देणे ही गद्दारी नव्हे काय?

त्याच काळातले दुसरे उदाहरण पाहू. मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने आपल्याच सुलतानाला ठार केले आणि लहानग्या हुसेनला गादीवर बसवले. त्या सुलतानाला वाचवताना तो हरला नव्हता. त्याने त्याचा जीवच घेतला होता. शहाजीराजांनी मुर्तजासाठी मुलूख सांभाळला, दोन सत्तांशी झुंज घेतली, आणि सर्व वाटा बंद झाल्यावर हार मानली. हरणे आणि विकणे यांत फरक आहे. परिणाम तोच दिसला, दोन्ही मुले कैदेत गेली, म्हणून दोन्ही कृत्ये एक ठरत नाहीत.

मात्र एवढ्यावर थांबणेही आम्हाला पटत नाही. आपल्याकडे अमानत असा शब्द आहे. मक्केचे लोक पैगंबरसाहेबांना अल-अमीन म्हणत. जिवावर उठलेल्या लोकांच्याही ठेवी त्यांच्याकडे होत्या. हिजरतच्या वेळी त्या परत करण्यासाठी त्यांनी हजरत अलींना मागे ठेवले. ठेव ठेवणारा आपला की परका, दोस्त की दुश्मन, हे तिथे पाहिले गेले नाही. या कसाला लावले तर मुर्तजा ही अमानत होती आणि ती राखता आली नाही. नाइलाज होता, म्हणून दोष कमी होतो. पण त्या मुलाचे आयुष्य गेले ते गेलेच. त्याला ना गादी हवी होती, ना लढाई. मोठ्यांनी त्याला राजा केले आणि मोठ्यांनीच सोपवले. त्याचे पुढे काय झाले याची विचारपूस करायला मागे कुणी उरले नाही.

पुढे रणदुल्लाखान आणि शहाजीराजे कर्नाटकच्या मोहिमांत एकत्र लढले. कालचे शत्रू सोबती झाले, आणि त्यासाठी कुणालाही आपला धर्म सोडावा लागला नाही.

म्हणून आम्हाला वाटते, माणसाच्या इमानाची परीक्षा घ्यायचीच असेल तर त्याचे नाव विचारू नये. त्याच्या हाती कुणाची अमानत होती, ती राखण्यासाठी त्याने काय काय केले, आणि ती गमावल्यावर त्याला ती आठवते की नाही, हे विचारावे. हा सवाल आमच्याइतकाच विचारणाऱ्यालाही लागू आहे.